बहादूरची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. आधीच सांगते, मी पुढाऱ्याची पांढरी टोपी नाही, आणि लग्नात व्याह्यांना घालतात ती जरीचीही नाही. मी ढाका टोपी आहे. नेपाळात पुरुषमाणसं घालतात ना, एका बाजूनं जराशी उंच, अंगभर लाल-काळ्या चौकटींची नक्षी असलेली, तीच. माझा लाल रंग आता विटकरी झाला आहे. आतल्या अस्तरावर घामाचे आणि सोया सॉसचे डाग आहेत, ते काही निघत नाहीत. ऐकायचं तर ऐका. माझी कहाणी फार मोठी नाही, आणि मला स्वतःलाच पुष्कळ वर्षांत फारसं काही वाटलेलं नाही.

माझं कापड पाल्पा जिल्ह्यातल्या एका घरातल्या मागावर विणलं गेलं. तानसेनच्या बाजारात एका शिंप्यानं मला शिवलं. मग खिमलाल रानाच्या वडिलांनी मला विकत घेतलं आणि मुलाच्या डोक्यावर ठेवलं. खिमलाल तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि दुसऱ्या दिवशी हिंदुस्थानात कामाला निघायचा होता. परक्या देशात उघड्या डोक्यानं जाऊ नये, असं वडील म्हणाले. त्या बाजारात दर दुसऱ्या डोक्यावर माझ्यासारखी टोपी होती, त्यामुळे माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. ते दिवस बरे होते.

त्याचा चुलतभाऊ अकोल्यात चायनीजची गाडी चालवायचा. त्याच्याकडेच आम्हाला जायचं होतं. पण तीन दिवसांच्या प्रवासानं खिमलालला ऐन वेळी झोप लागली, अकोला मागं पडलं आणि आम्ही उतरलो ते थेट बडनेऱ्याला. फलाटावर एक हमाल ओरडला, "अबे बहादूर, कुठी चाल्ला?" खिमलालनं मागं वळून पाहिलं. आपल्या मागं कुणी बहादूर नावाचा माणूस उभा असेल असं त्याला वाटलं. मागं कुणी नव्हतं. हमाल माझ्याकडे बघून बोलला होता.

उलट्या गाडीनं आम्ही अकोल्याला आलो. चुलतभावाची, म्हणजे आता आमचीही, चायनीजची गाडी जठारपेठेच्या चौकात लागायची. शेजारी सुंदराबाईची भाजीची गाडी. ती जवळच्या गावची माळीण, स्वतःच्या मळ्यातला भाजीपाला विकायची, आणि तिचा आवाज चौकाच्या पार पलीकडच्या दवाखान्यात ऐकू जायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "सांबार घेतं काय रे?" खिमलालनं येताना स्टेशनवर इडली-सांबार खाल्लं होतं, ते त्याला आवडलंही होतं. तो धावत गेला आणि झाकणाचा डबा घेऊन आला. सुंदराबाईनं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि मग ती अशी हसली की तिला तराजूचा आधार घ्यावा लागला. "अवो माय! हा पोट्टा सांबार डब्यात घेऊन राहिला!" मित्रांनो, आपल्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्या पाल्प्याच्या माणसाला कुठून ठाऊक असणार! तिनं त्या डब्यात कोथिंबिरीची जुडी कोंबली आणि नाव विचारलं. त्यानं सांगितलं, खिमलाल. तिला ऐकू आलं, खेमराज. आमच्या भागात खेमराज पुष्कळ असतात. तेव्हापासून तो खेमराज झाला, आणि मीही आता त्याला तेच म्हणते.

सुंदराबाईनं त्याला बोलायला शिकवलं. तिची शिकवणी म्हणजे निम्म्या शिव्याच असत. "'मुझे' नाई म्हनाचं रे बाबू. 'मले' म्हन. मले भूक लागली. म्हन!" तो म्हणायचा. "'काळे वांगे' नाई, 'काये वांगे'. जीभ काहून वाकडी करून राहिला?" दोन वर्षांत त्याची जीभ अशी वळली, की फोनवर बोलताना समोरचा माणूस विचारायचा, "कोन्या गावचे हो तुमी? दर्यापूरचे काय?" खेमराजला याचा फार आनंद व्हायचा. फोन ठेवला की तो मला सरळ करायचा आणि पुन्हा नूडल्स परतायला लागायचा.

चौकामागच्या शाळेत देवमनभाऊ कारकून होते. त्यांचं एक नाट्यमंडळ होतं. शाळा सुटल्यावर तिथल्याच हॉलमध्ये तालमी चालायच्या आणि तालमीनंतर सगळी मंडळी आमच्या गाडीवर मंचुरियन खायला यायची. एका एकांकिकेत त्यांना चौकीदार हवा होता. देवमनभाऊंनी खेमराजकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "तुले काही करा लागत नाई, गड्या. टोपी तं हायेच तुह्याजवळ. शिट्टी वाजव, 'सलाम साब' म्हन, अन् निंघून जाय."

स्पर्धा अमरावतीला होती. पडदा वर गेला, खेमराज डाव्या बाजूनं आत आला आणि सभागृहात हशा पिकला. त्यानं अजून शिट्टीही तोंडाला लावली नव्हती. लोक माझ्यावर हसले होते. तो विंगेत परतल्यावर मंडळातल्या सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. "टोपी काय शोभते, यार!" असं तिघं-चौघं म्हणाले. आत्मवृत्तात कौतुकाचे दिवस सांगायचे असतात, तर ते हे असे सुरू झाले.

पुढच्या सहा वर्षांत आम्ही अकरा चौकीदार केले. गणपतीतल्या नाटकात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, बँकेच्या जाहिरातीत, एका पथनाट्यातसुद्धा. पण झालं असं, की खेमराजला नाटकाचं वेड लागलं. आपलं एक वाक्य बोलून झालं तरी तो तालमीतून हलायचा नाही. सगळ्यांची सगळी भाषणं त्याला पाठ. गाडीवर कढई हलवता हलवता तो सासऱ्याचं बोलायचा, सुनेचं बोलायचा, सरपंचाचं बोलायचा. गिऱ्हाइकं नूडल्स गार होईस्तोवर ऐकत उभी राहायची. आणि एकदा तो सुंदराबाईला म्हणाला, "मावशी, एक डाव मले टोपीबिगर उभं राहाचं हाये. मले पाहून कोनी हासू नाई. आधी मायं आयकावं, मंग हासावं का रडावं ते पाहावं." हे तो मला डोक्यावर घालूनच बोलला. मला राग यायला हवा होता. आला नाही.

तशी वेळ एकदा आली. नव्या नाटकात जानराव नावाचा मुलीचा बाप होता, भर मांडवात सगळ्यांशी भांडणारा आणि मुलगी निघाली की कोपऱ्यात जाऊन बसणारा. ती भूमिका मंडळातला नितेश करायचा. नितेशला डेंग्यू झाला. जानराव करायला दुसरं कुणी नव्हतं आणि खेमराजला सगळं पाठ होतं. त्यानं मला हॉलमधल्या खिळ्याला अडकवलं आणि उघड्या डोक्यानं उभा राहिला. अकरा दिवस तालीम झाली. मुलीला निरोप देताना जानराव म्हणायचा, "जाय माय, मले काही होत नाई." हे वाक्य खेमराज मान वळवून, अगदी हळू बोलायचा. देवमनभाऊ रोज त्या वाक्याला चष्मा काढायचे.

प्रयोगाला दोन दिवस असताना नितेश बरा होऊन आला. अशक्त होता, मधे मधे विसरत होता, तरी आला. देवमनभाऊ गाडीवर आले, मंचुरियन मागवलं आणि खेमराजकडे न बघता म्हणाले, "समजून घे रे खेमराज. तुह्यासारखं कोनी करत नाई, मले ठाऊक हाये. पन परीक्षक बाहेरचे हायेत. त्याईले चेहरा वऱ्हाडी पायजे."

खेमराजनं मंचुरियनची प्लेट त्यांच्यापुढं सरकवली. सुंदराबाई मात्र वांगी तोलता तोलता थांबली. "चेहरा वऱ्हाडी म्हंजे कसा असते वो, देवमनभाऊ? वांग्यावानी?"

देवमनभाऊंनी मान खाली घालून सगळं मंचुरियन संपवलं. ते चांगले गृहस्थ होते, हे मी आजही म्हणेन. प्रयोगाच्या दिवशी खेमराजनं मला खिळ्यावरून काढलं, झटकलं आणि डोक्यावर घातलं. आम्ही डाव्या बाजूनं आत गेलो. लोक हसले.

मग मोबाइलवरचे दिवस आले. वलगावचा कुंदन नावाचा एक हुशार गडी स्वतःच लिहून, स्वतःच चित्रण करून वऱ्हाडी विनोदी भाग यूट्यूबवर टाकायचा. त्यानं खेमराजला बोलावलं. भूमिका काय, हे तुम्ही ओळखलंच असेल. चोरीला जाण्यासारखं काहीच नसलेल्या गावातला चौकीदार! तो भाग लाखो लोकांनी बघितला. पोरंसोरं रस्त्यात थांबवून आमच्याबरोबर फोटो काढू लागली. कुणी मला हात लावून बघायचं, कुणी स्वतःच्या डोक्यावर घालायचं. एवढं कौतुक तुमच्यापैकी कुणाच्या टोपीचं झालं नसेल.

एकदा आम्ही अचलपूरच्या एसटी स्टँडवर होतो. ऊन होतं म्हणून खेमराजनं मला काढून पिशवीत ठेवलं होतं. एका माणसानं त्याला बाकावरून उठवलं, "सरक ना बे तिकडं." खेमराज उठला, पिशवी उघडली, मला डोक्यावर चढवलं. तोच माणूस ताडकन उभा राहिला. "अरे, हा तं तो बहादूर! बसा ना भाऊ, बसा!" खेमराज बसला. त्या दिवसापासून तो मला बाहेर जाताना आपणहून घालायला लागला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. दोष कुणाचा, हे मला ठरवता येत नाही, आणि मी ठरवायचा प्रयत्नही सोडून दिला आहे.

आता सिनेमाचं सांगते. मुंबईची एक कंपनी अचलपूरला चित्रपट काढणार होती. त्यात एसटीचा कंडक्टर मुख्य होता, अस्सल वऱ्हाडी. आधी नुसता आवाज पाठवा, असं त्यांनी कळवलं होतं. खेमराजनं गाडीमागं उभं राहून फोनवर कंडक्टरचं भाषण बोलून पाठवलं आणि खाली नाव लिहिलं, खेमराज राना, अकोला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "हाच आवाज पाहिजे आम्हाला. ताबडतोब या."

सुंदराबाईनं हत्तीवरून साखर वाटायचीच काय ती बाकी ठेवली. प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट सांबार आणि वर, "आमचा खेमराज कंडक्टर झाला, मोठ्या पडद्यावर!" खेमराजनं नवा शर्ट घेतला, केस कापले. मला त्यानं पिशवीत अगदी तळाशी, कपड्यांखाली ठेवलं. घरीच का ठेवलं नाही, ते त्यालाच ठाऊक. सवय असेल.

अचलपुरात दिग्दर्शक खुर्चीतून उठले. खेमराजकडे बघितलं, त्याच्या मागं बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं.

"खेमराज राना?"

"हो. मीच."

मग दिग्दर्शकांना एकदम आठवलं. "अरे! तुम्ही तर ते बहादूर! यूट्यूबवाले! वा, वा! टोपी आणली आहे ना?"

खेमराजनं वाकून पिशवी उघडली. नवा शर्ट, टॉवेल, बनियन बाजूला केले आणि मला बाहेर काढलं. माझी दबलेली बाजू त्यानं अंगठ्यानं सरळ केली. मला मात्र काही वाटलं नाही, खरं सांगते.

शेवटी ठरलं ते असं. कंडक्टर मुंबईचा हिरो करणार. खेमराजनं त्याला वऱ्हाडी शिकवायचं. आणि चौकीदाराचा एक प्रसंग मुद्दाम आमच्यासाठी घालायचा. खेमराज हो म्हणाला. अकोल्यात सांबार वाटून झालं होतं, परत कोणत्या तोंडानं जाणार होता!

हिरो माणूस वाईट नव्हता. खुर्ची स्वतः ओढून खेमराजला द्यायचा. पण वऱ्हाडी म्हणजे सगळ्या शब्दांना 'ले' लावायचं, असं त्यानं डोक्यात घेतलं होतं. "मले जाऊन राहिलो!" तो जोरात म्हणायचा. "मले आलोले!" एसटीचे खरे कंडक्टर बाजूला उभे राहून तोंडात रुमाल कोंबायचे. खेमराज मात्र कधी हसला नाही. तो म्हणायचा, "असं नाई, सर. 'ले' सगळीकडं लागत नाई. मी जातो, मी येतो, तठी 'मी'च. ज्याले काही भेटते, नाई तं ज्याले काही दुखते, त्यालेच 'ले' लागते. मले काम भेटलं. मले लागलं. असं."

हिरोनं ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "मले जाऊन राहिलो." पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं चौकीदाराचं चित्रण अर्ध्या दिवसात उरकलं. "जी साब" एवढंच वाक्य होतं. महिन्याभरानं मुंबईहून पुन्हा बोलावणं आलं. हिरोचं बोलणं काही केल्या वऱ्हाडी वाटत नव्हतं, ऐकणारा हसेल अशी भीती होती. तेव्हा पडद्यावर तोंड हिरोचंच ठेवायचं आणि आवाज खेमराजनं द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. चार दिवस तो काचेच्या खोलीत उभा राहून बोलला. टोपीवर कानाला लावायचं यंत्र नीट बसेना, म्हणून मला टेबलावर ठेवलं होतं. हिरोचे ओठ हलायचे आणि हा त्यात वऱ्हाड भरायचा. मी एवढी वर्षं त्याच्या डोक्यावर बसले, पण त्याला असं बोलताना मीही ऐकलं नव्हतं. निघताना त्यानं एकच गोष्ट विचारली, "नाव येईन ना?" कुणीतरी फाइलीतून मान वर न करता म्हटलं, "येईल की."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही अमरावतीला बघायला गेलो. खेमराज, देवमनभाऊ, आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून सुंदराबाई. मी खेमराजच्या मांडीवर होते. एसटी आली, कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली आणि बोलायला लागला. दोन वाक्यं झाली असतील-नसतील, सुंदराबाई तिच्या चौकातल्या आवाजात ओरडली, "अवो माय! हा तं आपला खेमराज बोलून राहिला! पन हे तोंड कोनाचं हाये?"

पुढच्या-मागच्यांनी शूः शूः केलं. खेमराजनं तिचा हात दाबला. "मावशी, डोये मीट अन् आयक." तिनं खरंच डोळे मिटले. लोक त्या आवाजावर हसत होते, मधेच गप्प होत होते, माझ्यामागची एक बाई नाक पुसत होती. नितेशला जमलं नव्हतं, हिरोला जमलं नव्हतं, ते सगळं होत होतं. आधी ऐकावं आणि मग हसावं किंवा रडावं, अगदी तसं.

मग चौकीदार आला. पडद्यावर मी आले. सभागृह खदखदून हसलं. खेमराजची बोटं माझ्यात रुतली, मी पार चुरगळले. मित्रांनो, तेव्हा मला वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. फार वाईट वाटलं, आणि मला काहीही करता येण्यासारखं नव्हतं.

सिनेमा संपला, लोक उठले. खेमराज उठला नाही. नावांच्या ओळी वर सरकत होत्या. झाडणारी बाई आत आली तरी तो वाचत राहिला. कलाकारांत नाव नव्हतं, आवाजात नव्हतं, भाषेतही नव्हतं. अगदी शेवटी, हॉटेलवाल्याच्या आणि जीपवाल्याच्या खाली, 'विशेष आभार : बहादूर, अकोला.'

सुंदराबाईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "आलं काय रे तुयं नाव?"

"आलं, मावशी."

"केवढं आलं?"

"मोठं आलं."

देवमनभाऊंना वाचता येत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसत बसले आणि बराच वेळ परत लावला नाही.

यानंतर पंधरा दिवसांनी खेमराज गाडीवर कोबी चिरत होता. मी गाडीच्या खांबाला अडकवलेली होते. मुंबईहून फोन आला. मोठ्या वाहिनीची मालिका होती, रोज दिसणारी. सोसायटीचा चौकीदार, वर्षभराचं काम. बाई गोड आवाजात म्हणत होती, "आणि हो, टोपी तुमचीच आणा बरं का. लोक ओळखतात ती."

खेमराजनं सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी त्याच्यापासून हातभरावर होते.

"टोपी हरपली, मॅडम," तो म्हणाला.

"अरेरे! मग दुसरी घेऊ या."

"दुसरी नाई घालत मी."

"पण टोपीशिवाय कसं जमणार?"

"तेच तं म्हनून राहिलो मी. टोपीबिगर काही असन, तं सांगजा."

त्यानं फोन खिशात टाकला आणि कोबी चिरायला घेतला. फोन पुन्हा आलेला नाही. सुंदराबाईनं हे सगळं ऐकलं होतं. ती आली, मला खांबावरून काढलं, तिच्या गाडीखालच्या रिकाम्या बारदानात गुंडाळलं आणि वर कांद्याचं पोतं ठेवलं. मी आता तिथंच असते. खेमराज उघड्या डोक्यानं नूडल्स परततो आणि कधी कधी जानरावाचं भाषण बोलतो. चार माणसं थांबतात. त्यातलं त्याला कुणी ओळखत नाही.

मित्रांनो, कहाणीच्या शेवटी माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं सांगायचं असतं, की मला धुवा, उन्हात वाळवा, जपून वापरा. मला त्यातलं काही नको. कधी जठारपेठेच्या चौकात आलात आणि कुणी तुम्हाला विचारलं, "ती बहादूरची टोपी कुठी हाये?" तर पोत्याकडे बघू नका. हरपली म्हणून सांगा.